उमाशंकर मरणाला भ्यायला लागला

पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसाला एसटी फुकट नेते, म्हणून उमाशंकरसोबत लातूरला जायचं काम माझ्याकडं आलं. त्याचा बाप गुंडप्पा जळकोटला किराणा दुकानात अडकलेला, आई रेणुका घरात अडकलेली. रिकामी मी एकटीच. सून म्हणली, "आत्याबाई, तुमच्या वयाचा घराला तेवढा तरी उपयोग होऊ द्या." हसत म्हणली, पण म्हणली.

उमाशंकर माझा नातू. नांदेडला पॉलिटेक्निकला होता. एका सुट्टीत घरी आला तर गाल भरलेले, पाय भरलेले. मी म्हणलं, नांदेडचं पाणी मानवलं लेकराला, आणि मीठमोहऱ्या घेऊन दृष्ट काढली. ती सूज होती. दोन्ही किडन्या कामातून गेल्यात, असं डॉक्टर म्हणले.

शिक्षण सुटलं आणि लातूरच्या खेपा लागल्या. आठवड्यातून दोनदा मशीनवर झोपायचं. अंगातलं रक्त एका नळीनं बाहेर जातं, आत धुतलं जातं, दुसऱ्या नळीनं परत येतं. उदगीरला मशीन होती, पण तिथं नंबर लागेना. मग पहाटेची बस, उदगीरला बदली, लातूर, तिथं अर्धा दिवस, आणि तसंच उलट. त्याच्या डाव्या हातातली नस मशीनसाठी मोठी करून ठेवलेली. परतताना तो माझ्या खांद्यावर झोपायचा तेव्हा त्या हाताची घरघर मला ऐकू यायची, पिठाची गिरणी लांबून चालल्यागत.

मी शेंगा फोडल्या, पाच लेकरं वाढवली, सासूची दहा वर्षं उस्तवार केली, पण दमणं म्हणजे काय ते मला त्या दवाखान्याच्या बाकड्यावर कळलं. हात रिकामे असले की माणूस जास्त दमतो. तिथं बसलेली सगळी तशीच. एकमेकांच्या गावाचं विचारून झालं, सुनांच्या चुगल्या करून झाल्या, मग सगळे भिंतीकडं बघत बसायचे.

दमला नव्हता तो फक्त उमाशंकर. त्यानं मरणाशी असं घरोब्याचं नातं जोडलं होतं की माझ्या अंगावर काटा यायचा. आम्हा लिंगायतांत मेलेल्याला जाळत न्हाईत, बसवून पुरतात. हा बसमध्ये सीटवर मांडी घालून बसायचा आणि म्हणायचा, "आज्जी, सवय करायलोय. पुढं लई दिवस असंच बसायचंय." कंडक्टर हसायचा, मग काय म्हणला ते ध्यानात आलं की तोंड फिरवून तिकिटं फाडायला लागायचा.

जळकोटात तो एका फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर काम करायचा, जमेल तेवढं. पुढाऱ्यांचे वाढदिवस, लग्नं, आणि मेलेल्यांचे 'भावपूर्ण श्रद्धांजली'. असा एक त्यानं स्वतःचा पण करून मोबाइलमध्ये ठेवला होता. फोटो, नाव, खाली "शोकाकुल: समस्त मित्रमंडळ". मला दाखवून म्हणला, "आज्जी, फुलं पिवळी ठेवू का पांढरी?"

मी म्हणलं, "तुझ्या तोंडात माती."

"तीच तर पडणार हाय."

असं बोलणाऱ्या पोराला काय म्हणायचं? लोक म्हणायचे, लई धीराचं पोरगं. मला तसं वाटायचं न्हाई. धीर ज्याला जगायचंय त्याला लागतो. ह्यानं जगण्याचा हात कधीच सोडला होता, वरून फक्त चेष्टा चालली होती. कसलंच पथ्य पाळायचा न्हाई. पाणी दिवसाला मोजकं, मीठ न्हाईच्या बरोबर, केळं न्हाई, टमाटं न्हाई, शहाळं तर विषासारखं, असं डॉक्टरनं दहादा सांगितलेलं. हा बसस्टँडवर उतरला की पहिलं शहाळं.

घरातला खरा घोर दुसराच होता. रेणुकाची किडनी त्याला जुळत होती. तपासण्या झाल्या होत्या, संभाजीनगरला ऑपरेशन होईल असं डॉक्टर म्हणले होते. रेणुका एका पायावर तयार. आणि हा न्हाई म्हणून बसला होता. "अव्वा," म्हणला, आमच्यात आईला अव्वा म्हणतात, "अव्वा, मी जायचाच. तुझी एक घेऊन गेलो तर ती पण मातीत. एका खड्ड्यात दोघांचा माल कशाला?"

 रात्री भांडी घासताना रेणुका मला म्हणली, "आत्याबाई, माझं दूध चाललं ह्याला, रक्त चाललं. किडनीच तेवढी चालंना." त्यानंतर तिनं तो विषय काढला न्हाई आणि त्यानंही न्हाई. वरीस गेलं असंच. डॉक्टर दर खेपेला म्हणायचे, आज्जी, समजावा त्याला, अंग जोवर साथ देतंय तोवरच हे जमतं. मी काय समजावणार? मी दोन यत्ता शिकलेली आणि तो मला व्हॉट्सॲप शिकवणारा.

अशात शिरूर अनंतपाळकडचे सिद्रामप्पा त्याच्या बाजूच्या मशीनवर आले. साठीच्या आसपासचे, शेतकरी, लिंगायतच. तोंडभर विभूती आणि तोंडभर बोलणं. सोबत त्यांची लेक सुकन्या. बी.ए. झालेली, शिवणकाम करणारी, रंगानं सावळी, आवाजानं करडी. बापाचं पाणी बाटलीवर पेनानं रेघा मारून आणायची. बाप घोट जास्त घ्यायला लागला की तिचा नुसता डोळा पुरे. सिद्रामप्पा मला म्हणायचे, "लक्ष्मम्मा, निजामाच्या राजात पण एवढा जाच नव्हता."

पहिल्याच दिवशी तिनं उमाशंकरच्या हातात शहाळं बघितलं. सरळ आली, त्याच्या हातातून काढून घेतलं आणि मला दिलं. "आज्जी, तुम्ही प्या."

"ओ बाई, माझं हाय ते!" उमाशंकर ओरडला.

"हो का? मग आज्जीला पाजल्याचं पुण्य पण तुमचंच."

मी प्याले. गोड होतं.

पुढच्या खेपेला ह्यानं जिद्दीनं दुसरं आणलं आणि तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. तिनं ते घेतलं आणि ह्या वेळी स्वतःच पिऊन टाकलं, नळी बाजूला टाकून, घटाघटा. मग त्यानं दर खेपेला शहाळं आणायला सुरुवात केली आणि नेमानं तिच्याच हातात द्यायला लागला. मी म्हातारी झाले असले तरी आंधळी झाले न्हाई. सिद्रामप्पा डोळे मिटून मशीनवर पडलेले असायचे, पण मिशीत हसायचे.

एकदा त्यानं तिला तो श्रद्धांजलीचा फ्लेक्स दाखवला. मला वाटलं आता ही रडेल, नाहीतर शिव्या देईल. तिनं मोबाइल लांब धरला, जवळ धरला आणि म्हणली, "फोटो चांगला न्हाई. नाक लई मोठं दिसतंय."

"आता मेल्यावर नाकाचं काय?"

"लोक चौकात उभे राहून बघतात हो. बसा सरळ, मी दुसरा काढते."

तिनं काढला. फोटो काढताना तो तिच्याकडं बघत होता, आणि फोटोत ते सगळं आलं. नंतर बसमध्ये तो फोटो किती तरी वेळ बघत बसला. मी विचारलं, "मग, लावला का फ्लेक्सवर?"

"न्हाई जमत आज्जी," म्हणला. "मेलेला माणूस असा हसत न्हाई."

त्या दिवशी तो मांडी घालून बसला न्हाई. पण पथ्य मात्र तसंच. प्रेमानं एकदम शहाणपण येतं असं कुणी सांगत असेल तर त्याला लातूरच्या बाकड्यावर आणून बसवा. येतं, पण लई हळू, आणि वाटेत लोकांना धक्के मारत येतं.

पौष लागायच्या आधीची अमावस्या म्हणजे आमची येळवस. लातूरकडं दिवाळीपेक्षा मोठी. त्या दिवशी गावात कुत्रं राहत न्हाई, सगळी रानात. कडब्याची कोप करायची, आत लक्ष्मी मांडायची, पूजा करायची आणि मग जेवायचं. बाजरीचे उंडे, हिरव्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची घट्ट भजी, आणि ताक घालून आंबवलेली ज्वारीची आंबील, लोट्यावर लोटे. ज्याला रान न्हाई त्याला दुसऱ्यानं बोलवायचं. रस्त्यानं जाणाऱ्याला पण हात धरून आत घ्यायचं. आम्ही दुकानदार, आम्हाला रान न्हाई. सिद्रामप्पांनी मशीनवर पडल्या पडल्याच आवतण दिलं, "आमच्या रानात या लक्ष्मम्मा. पोराला घेऊन या. दुसऱ्या दिवशी मशीनचा वार हाय, आमच्याकडूनच लातूरला जाऊ."

गेलो. हरभरा गुडघ्याला लागलेला, थंडी बेताची, गव्हावर कोवळं ऊन. सुकन्या हिरवं लुगडं नेसून चुलत बहिणींसोबत धुऱ्यानं, म्हणजे रानाच्या कडेकडेनं, आंबील शिंपडत फिरत होती आणि उमाशंकर कोपीजवळ बसून मान वळवून वळवून बघत होता.

सुकन्याची आई आंबील वाढायला आली. आता येळवशीची आंबील नको म्हणायची म्हणजे त्या रानाला नको म्हणायचं, मालकाच्या पिकाला वाईट चिंतायचं. असं कुणी करत न्हाई. गोडखाऊ माणूस पण नाक दाबून पितो. शिवाय ती मुलीची आई. उमाशंकरनं लोटा घेतला, प्याला. तिनं पुन्हा भरला, पुन्हा प्याला. भजी वाढली ती पण खाल्ली. मी म्हणलं, "अरे, पुरे." तो म्हणला, "आज्जी, आपला काय भरवसा? पुढच्या येळवशीला कोण असतंय?"

सिद्रामप्पा समोरच बसले होते. लेकीनं त्यांच्यासाठी वेगळी वाटी काढून ठेवली होती, दोन घोटांची. पोराचा लोटा बघून त्यांना राहवलं न्हाई. "पाहुण्यानं लोटा प्यायचा आन् रानाच्या मालकानं ओठ ओले करायचे? लोक काय म्हणतील?" बायकोनं लोटा पुढं केला, तिला तरी कुठं कळतंय काय होतंय ते. वरीसभर बापावर पहारा ठेवणारी पोरगी तेवढी धुऱ्यावर होती. त्यांनी दोन लोटे पोटात घातले, उमाशंकरच्या पाठीवर थाप मारली आणि दोघं शाळा चुकवलेल्या पोरांसारखे हसले.

सकाळ झाली तेव्हा दोघांनाही श्वास घेता येईना. आडवं झालं की गुदमरायचे, म्हणून दोघांना भिंतीला टेकवून बसवलं. अंगात पाणी साठून छातीत भरलं होतं, आणि भाज्यांमधलं ते पोटॅशियम का काय, ते काळजाला जाऊन भिडलं होतं. भावकीतल्या कुणाची जीप आणली. मागच्या सीटवर सुकन्या बापाला छातीशी धरून आणि मी उमाशंकरला. हिरव्या लुगड्यावर स्वेटर घातलेला, केस सुटलेले. सबंध रस्ता ती एकच म्हणत होती, "अप्पा, इकडं बघा. अप्पा, माझ्याकडं बघा." सिद्रामप्पांचे ओठ जांभळे पडले होते. डोळे उघडे, पण लेकीकडं बघत नव्हते.

उमाशंकर त्यांच्याकडं न्हाई, तिच्याकडं बघत होता. आपण मेल्यावर लोक कसे दिसतात, हे त्या पोरानं तोवर कधी बघितलं नव्हतं. त्याच्या फ्लेक्सवर मेलेल्याचा फोटो असायचा, मागं राहिलेल्याचा न्हाई.

दवाखान्यात आमच्या आधीच्या, पहाटेच्या पाळीची माणसं सगळ्या मशीनवर लागलेली. सिस्टरनं धावाधाव करून एकाची उरकत आलेली पाळी सोडवली. मशीन एक मोकळी झाली, माणसं दोन. डॉक्टर एकाकडं बघतात, दुसऱ्याकडं बघतात. उमाशंकरला बोलायला दम पुरत न्हाई, तरी हात करून म्हणला, "आधी... अप्पांना."

मला वाटलं, झालं ह्याचं. शेवटपर्यंत हौसेनं मरायला निघालाय. पण त्यांना आत नेल्यावर त्यानं माझा पदर धरला, लहानपणी जत्रेत धरायचा तसा, आणि डॉक्टरकडं बघून म्हणला, "मला पण लावा. लवकर लावा हो." मग माझ्याकडं वळला. "आज्जी, मला भ्या वाटायलंय."

आजारी पडल्यापासून पहिल्यांदा. मी त्याला धरून बसले. वाईट बोलते असं वाटेल, पण इतक्या दिवसांत माझ्या पोटात पहिल्यांदा घास उतरल्यासारखं झालं. जो भ्याला तो अजून इथलाच हाय.

त्यालाही मशीन मिळाली, थोड्या वेळानं. दोघं वाचले. सिद्रामप्पा आठ दिवस तिथंच राहिले, पार वाळून गेले, विभूती लावायला हात वर जाईना.

मशीनवरून उतरल्यावर उमाशंकर त्यांच्या कॉटजवळ गेला. सुकन्या उठून बाहेर आली आणि त्याला दारातच थांबवलं. आवाज चढवला न्हाई. "तुम्हाला मरायची हौस हाय, मरा. माझ्या बापाला सोबत न्यायला लागू नका. तो तुमच्यासारखा कंटाळलेला न्हाई."

त्यानंतर ती बोलायची बंद झाली. बापाची पाळी दुपारची करून घेतली. आम्ही निघायचो तेव्हा ती यायची. बाजूच्या मशीनवर आता कुणी तरी दुसरंच असायचं. उमाशंकर शहाळं घेऊन तिच्यासाठी गेटवर थांबायचा, ती बाजूनं निघून जायची, ते मला प्यावं लागायचं. इतकी शहाळी प्याले त्या दिवसांत, की मलाच सर्दी झाली.

पण तो आता पाण्याच्या बाटलीवर रेघा मारायला लागला. स्वतःहून, कुणाला न सांगता. भाजी उकडून पाणी टाकायला रेणुकाला सांगायला लागला. आणि रात्री झोपेना. आधी मेल्यागत झोपायचा, आता मध्येच उठून बसायचा. मला हाक मारायचा, "आज्जी, जागी हायस?" मी म्हणायची, हाव. तेवढ्यावर तो परत आडवा व्हायचा. कधी म्हणायचा, "काही न्हाई, हायस का ते बघितलं." घरात आता दोघं जागे. माझी कंबर गेली, पण तक्रार कुणाकडं करणार?

एके दिवशी बस चुकली म्हणून आम्हाला दुपारपर्यंत थांबावं लागलं. सुकन्या बापाला आत सोडून बाहेर आली आणि माझ्या बाकड्यावर बसली. उमाशंकर पलीकडच्या टोकाला. मधे मी, बांधावरल्या बोराटीसारखी.

सुकन्या बापाच्या रिकाम्या बाटलीवर रेघा मारत बसली. मग तोच म्हणला, "चुकलं माझं."

"माहिताय मला."

"आता भ्या वाटतं. आधी वाटायचं न्हाई. रात्री झोपच न्हाई लागत."

"बरं," ती म्हणली. मग मला उद्देशून म्हणली, "आज्जी, मी माझी किडनी द्यायला निघाले होते अप्पांना. जुळली न्हाई. आईची चालत न्हाई, तिला साखर हाय. आम्ही दारोदार फिरलो. आन् तुमच्या घरात जुळलेली असून हा माणूस नको म्हणतो. ह्याला काय म्हणावं सांगा."

"मी काय सांगू बाई," मी म्हणलं, "माझं कोण ऐकतंय."

उमाशंकर म्हणला, "अव्वाला काही झालं तर?"

"ते पण भ्याच हाय ना?" ती त्याच्याकडं वळली. "मग ते भ्या घेऊन तिच्यासमोर जा. मला कशाला सांगता? मी काही दगडाची न्हाई. दर आठवड्याला बापाला बघते तसं अजून एकाला बघायचं म्हणलं तर..." तिथंच थांबली.

"अजून एकाला म्हणजे?"

"काही म्हणलं का मी?"

"म्हणलीस."

"आज्जी, मी काही म्हणलं का?"

"मला कमी ऐकू येतं," मी म्हणलं.

ती उठून आत गेली. त्यानं आणलेलं शहाळं मात्र हातात घेऊन गेली.

घरी पोचलो तेव्हा गुंडप्पा दुकानावरच होता. रेणुका भाकरी थापत होती. मी पाय धुऊन भिंतीला टेकले, डोळे आपोआप मिटत होते. उमाशंकर चुलीपाशी जाऊन उभा राहिला, मग खाली बसला. पाटावर न्हाई, नुसत्या जमिनीवर.

"अव्वा."

"हं."

"तू देणार होतीस ते... अजून देशील का?"

रेणुकाचा हात परातीतच राहिला. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी तिनं उलटली न्हाई. शेवटी मीच म्हणलं, "अगं, भाकरी." तिनं ती उचलली, करपलेली बाजू बघितली आणि बाजूला ठेवली.

"आता कशी आठवण झाली?" तिचा आवाज फुटत होता. "वरीस झालं. मला वाटलं माझं काहीच नको तुला."

"भ्या वाटतंय अव्वा. मला मरायचं न्हाई. आन् तुला काही झालं तर, त्याचं पण भ्या वाटतंय. दोन्ही एकदमच."

"मला पण वाटतंय," रेणुका म्हणली. "पोटाला टाके घालणार म्हणजे काय सोपं हाय का? मी कुठं वाघीण हाय." आणि मग रडली, हसली, दोन्ही. पदरानं तोंड पुसलं तर पीठ गालाला लागलं. "जेव आधी. उद्या तुझ्या बापाला म्हणते, दुकान बंद ठेवा आन् डॉक्टरकडं चला."

तिनं ताट वाढलं. बिनमिठाची भाजी, भाकरी, चमचाभर भात. मग त्याच्यासाठी पेला भरायला घेतला. डोळे भरलेले, दिसत नव्हतं तिला काही. पेला काठोकाठ भरून सांडायला लागला तरी ती ओततच होती.

उमाशंकरनं तिचा हात धरला. पेला उचलून अर्ध्याहून जास्त पाणी परत घागरीत ओतलं, उरलेलं उजेडाकडं धरून बघितलं, आणि अजून थोडं ओतलं.